राणीवाली कॅसेट

कॅसेटवाल्या काकूंना कुणी त्यांची चूक दाखवली, तर त्या आधी त्याला बसायला सांगत, पाणी देत, त्याचं सगळं म्हणणं ऐकून घेत आणि मग म्हणत, "बराबर आहे तुह्यं. आता माह्यं आयक." इतक्या प्रेमानं ऐकून घेणारं आणि तरीही काडीचंसुद्धा न बदलणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आमच्या वणीतली किती पोरं त्यांच्याशी वाद घालायला गेली आणि चहा पिऊन, हरून परत आली. त्यांत माझा मोठा भाऊ आहे आणि पुण्याहून आलेला एक पुस्तकवालाही आहे.

काकू मूळच्या मुकुटबनच्या. माहेरी कापसाची शेती. लग्न होऊन वणीत आल्या, तेव्हा काका राजूरच्या कोळसा खाणीच्या ऑफिसात नोकरीला होते. घराच्या पुढच्या खोलीत काकूंनी दुकान टाकलं. आधी सिनेमाच्या कॅसेटी भाड्यानं देत, नंतर व्हिडिओ गेमच्या. टीव्हीला जोडायच्या त्या खेळण्यात खोचायचा प्लास्टिकचा चौकोनी तुकडा, त्यालाही आम्ही कॅसेटच म्हणायचो. भाड्यानं फक्त कॅसेट मिळे, तिचा पुठ्ठ्याचा डबा कधीच नाही. डबे भिंतीवर, पार छतापर्यंत ओळीनं लावलेले. ट्रकांमुळे गावात कोळशाची धूळ कायमची, म्हणून काकू रोज सकाळी ओल्या फडक्यानं ती सगळी भिंत पुसत. कॅसेट घ्यायची ऐपत नसलेली पोरंही भिंतीसमोर तासन्‌तास उभी असत. काका कुरकुरले की काकू म्हणत, "पाहू द्या ना. पाहून काय झिजून राह्यलं?"

डब्यांवरची चित्रं काय वर्णावी. आत खेळ म्हणजे चार ठिपके इकडून तिकडे धावणार, आणि वर चित्रात जळती शहरं, डरकाळी फोडणारा वाघ, चंद्रावर उतरलेला माणूस, पिळदार दंडांचे योद्धे. बाकी जग म्हणे, की डब्यावरचं चित्र खोटं, आपल्याला फसवतात. काकूंचं मत उलटं होतं. "चित्र खरं आहे. खेळाले तिथलोक पोचताच नाही आलं, त चित्रानं काय करावं?"

आता मूळ भानगड. नागपूरच्या ठोक दुकानदारानं पहिला माल पाठवला तो कॅसेटी वेगळ्या आणि डबे वेगळे, घड्या घालून. कोणती कॅसेट कोणत्या डब्यातली, याचा काही पत्ता नाही. मग एका रविवारी काका एकेक कॅसेट लावून खेळत बसले आणि काकू बाजूला तांदूळ निवडत पाहत बसल्या. खेळ पाहायचा, विचार करायचा आणि त्याला शोभेल तो डबा द्यायचा. रणगाड्याचा खेळ गेला वाघाच्या डब्यात. का, तर "एकटाच चालला आहे बिचारा, चारी बाजूनं दुश्मन. हा वाघ नाही त काय?" वरून पडणाऱ्या विटा रचायच्या खेळाला मिळालं जळत्या इमारतीचं चित्र. "घराले आग लागल्याबिगर विटा अशा पडते का?" झालं. तेव्हापासून वणीत रणगाड्याच्या खेळाचं नाव वाघवाली आणि विटांच्या खेळाचं आगवाली.

आणि मोटारींच्या शर्यतीची कॅसेट गेली तलवारवाल्या राणीच्या डब्यात. राणी घोड्यावर नाही, सिंहासनावर नाही, नुसती उभी, केस मोकळे, तलवार उपसलेली, आणि डोळे असे की समोरच्यानं बाजूला व्हावं. माझा भाऊ तावातावानं भांडायला गेला. म्हणाला, "काकू, ह्या गेममध्ये राणी हायच कुठं? नुसत्या गाड्या हायेत." काकूंनी त्याला बसवलं, पाणी दिलं. मग विचारलं, "गाडी कोण चालवून राह्यलं ते दिसते का तुले?" भाऊ म्हणाला, "नाही दिसत." "मंग राणीच असन. तू कोन्या पुराव्यानं नाही म्हनतं?"

भाऊ घरी येऊन फणफणत होता. मी मात्र त्या दिवसापासून दुसरी कॅसेट आणू दिली नाही. तोवर आमच्याकडे खेळ खेळायचा भावानं आणि मागं बसून टाळ्या वाजवायच्या मी, अशी वाटणी होती. आता पडद्यावरच्या त्या इवल्याशा लाल गाडीत राणी बसली होती. राणी असेल तर रिमोट माझ्या हातात हवा, हे भांडून मिळवायला मला एवढंच कारण पुरलं. आज मी चंद्रपूर रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांच्या मधून माझी गाडी काढते, तेव्हा कुणी हॉर्न वाजवून मला कडेला घ्यायला सांगितलं तर मी घेत नाही. हे काकूंचं देणं आहे आणि मी ते सरळ सांगते.

पुढे कॉम्प्युटर आले, मोबाइल आले, दुकान बंद पडलं. काका गेले. पण काकू भिंत पुसत राहिल्या. नागपूरला राहणाऱ्या त्यांच्या मुलाला ती खोली भाड्यानं द्यायची होती. तो वाईट नव्हता, पण दिवाळीनंतर खोली रिकामी होणार हे त्यानं ठरवून टाकलं होतं. डबे ठेवायला दुसरी जागा नव्हती, आणि मागच्या बाजूनं त्यांना वाळवीही लागली होती. काकूंनाही ते कळत होतं. त्याच सुमारास पुण्याचा तो पुस्तकवाला आला.

तो जुन्या व्हिडिओ गेमच्या डब्यांवरच्या चित्रांचं पुस्तक काढत होता. जाड, गुळगुळीत कागदाचं, कपाटात जपून ठेवायचं पुस्तक. असं एक परदेशी पुस्तक त्यानं नमुना म्हणून आणलं होतं. काकूंनी ते मांडीवर घेतलं आणि पानांवरून हात फिरवला. म्हणाल्या, "हे बेस केलं. खेळ सोडून देला अन् चित्र ठेवलं." त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. भिंत जाणार होती, पण आता तिला जायला जागा मिळाली होती.

मग त्यानं नावं विचारली आणि गाडी अडली. "काकू, ही राणी तलवारबाजीच्या गेमची आहे," तो अगदी अदबीनं म्हणाला. "शर्यतीच्या गेमशी हिचा संबंध नाही. इथे सगळंच उलटसुलट झालंय. मी खाली बरोबर नावं टाकतो." काकूंनी त्याला बसायला सांगितलं. पाणी दिलं. "बराबर आहे तुह्यं," म्हणाल्या. "आता माह्यं आयक. आमच्या गावात ही राणीवाली आहे अन् ही गाडी चालवते. तसंच लिही. नाही त फोटो काढू नको."

तो बिचारा घामाघूम झाला. पुस्तक जगभर जाणार, जाणकार लोक घेणार, चूक कशी छापू, असं तो परत परत सांगत राहिला. शेवटी म्हणाला, पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत वणीतलं नाव देतो. काकू म्हणाल्या, "तळाशी कायले? वर जागा नाही का?" चहाचा दुसरा कप संपता संपता त्यानं वणीचं नाव वर टाकायचं कबूल केलं आणि भिंतीचे फोटो काढले. दिवाळीनंतर डबे उतरवले, तर वाळवीनं खाल्लेला पुठ्ठा हातातच भुगा होत होता. जे उरलं ते भंगारवाल्यानं नेलं.

पुस्तक वर्षभरानं आलं. काकूंच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू पिकला होता, म्हणून त्यांनी मला वाचायला बोलावलं. राणी पूर्ण पानभर होती आणि काय सुंदर छापली होती. मी नाव वाचलं. ते तलवारबाजीच्या खेळाचं इंग्रजी नाव होतं. वर नाही, तळाशी नाही, वणीचं नाव कुठेच नव्हतं. सोबतच्या चिठ्ठीत पुस्तकवाल्यानं दिलगिरी लिहिली होती, संपादनात राहून गेलं म्हणून. ते इंग्रजी नाव मी इथेही लिहिणार नाही. ज्याला हवं त्यानं शोधावं.

मला रडू आलं. लहानपणी ज्या गाडीत मी बसले होते, तिच्यातून कुणीतरी मला उतरवलं असं वाटलं. काकू मात्र रडल्या नाहीत. "पेन आण," म्हणाल्या. "जिथं लिहाचं, तिथं माह्यं बोट ठेव." मी म्हटलं, "काकू, अशा पुस्तकावर साधी रेघ चालत नाही. किंमत जाते त्याची." त्या म्हणाल्या, "मी कुठं इकून राह्यली?" मी त्यांचं बोट राणीच्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेत ठेवलं. त्यांनी वेड्यावाकड्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'राणीवाली. गाडी हीच चालवते. वणी.' मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "हे वाचनालयात नेऊन दे. घरी ठेवलं त मी एकटीच म्हनीन. तिथं ठेवलं त जे खेळले ते म्हनतीन."

मी ते नेऊन दिलं. त्याच हिवाळ्यात काकू गेल्या, झोपेतच. त्यांच्या दहाव्याला आलेल्यांत चाळिशीतले इतके बाप्ये आणि बाया होत्या, की मुलाला प्रश्न पडला हे सगळे नात्यातले कोण. कुणीतरी त्याला सांगितलं, हे कॅसेटी नेणारे.

वाचनालयाचे ग्रंथपाल एरवी कडक आहेत, पुस्तकात पेन्सिलीची खूण दिसली तरी दंड घेतात. पण तेही एके काळी त्या भिंतीसमोर उभे राहणारे. त्यांनी हे पुस्तक वाचनकक्षातल्या टेबलावर ठेवलं आणि त्याला दोरीनं एक बॉलपेन बांधून दिलं. मग लोक येऊ लागले. कुणी वाघाच्या पानावर 'वाघवाली' लिहिलं. कुणी वाघाशेजारी आपलं नाव टाकलं. कुणी इंग्रजी नावावर काट मारली, कुणी आगवालीच्या बाजूला काकूंचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं. राणीच्या पानावर पाच बायकांच्या सह्या आहेत, आणि त्यांतल्या दोघींना मी ओळखतही नाही.

हे पुण्यापर्यंत पोचलंच. मागच्या महिन्यात पुस्तकवाल्याचा फोन आला. मनापासून हळहळत होता. म्हणाला, "ती प्रत पार खराब झाली असं ऐकलं. मी नवी, कोरी प्रत पाठवतो."

मी म्हटलं, "पाठवा. हिच्यात लिहायला जागा उरली नाही."