आतलं बाहेर काढणारी आत्या

“मीच म्हणलं सिस्टरला, बाळ झालं की लगेच सुई द्या म्हणून!” बारशाला जमलेल्या बायकांना माझी आत्या सांगत होती. मी पाळण्याला फुगे बांधत होते.

खोटं बोलतानाही इतकी खरी वाटणारी बाई अख्ख्या घनसावंगी तालुक्यात दुसरी नसेल. आतलं बाहेर निघालं पाहिजे, हा तिचा धर्म. कोठीतली ज्वारी, गादीतला कापूस, पेटीतल्या साड्या, सगळं वरचेवर अंगणात येतं. कुणी शिंकलं की वाफारा, पोट दुखलं की एरंडेल. मी जालन्याहून आले की माझी बॅगही ती उन्हात पसरते. एकदा मामांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, रेडिओ खरखरला, तर तिने तो उघडून आतून ब्रशने घासला. रेडिओ कायमचा बंद पडला. “खरखर तर गेली ना?” एवढंच तिचं उत्तर.

तिच्या सुनेला, म्हणजे माझ्या वहिनीला कळा सुरू झाल्या तेव्हा मी तिथेच होते. आरोग्य केंद्रात सोबतीला एकीलाच आत घेत होते. “ही कुठं बोलती? इंग्रजी शाळेत शिकली हाय. हिला मोजूच नका,” म्हणत आत्याने मलाही आत ओढलं. बाळ रडलं, आणि सिस्टर सुई घेऊन आल्या. आत्याने वहिनीची मांडी हाताने झाकून धरली.

“आता कशाला सुई? खराब रक्त जाऊ द्या की. अंग साफ होतं.”

“आजी, खराब न्हाई, तिच्या अंगातलं चांगलं रक्त हाय ते. सुईनं गर्भाची पिशवी आवळती, वार पडती, रक्त कमी जातं. हात काढा.”

आत्याने त्यातलं सोयीचं तेवढंच ऐकलं. “वार पडती? म्हंजे आतलं बाहेर निघतं?”

“निघतं.”

“मंग उभ्या काय राह्यल्या? द्या की जल्दी!”

नंतर व्हरांड्यातल्या बाकावर आत्या माझ्याशेजारी येऊन बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “माझी थोरली जाऊ घरीच बाळंत झाली. रक्त थांबंना. मी कापडाचे धडपे बदलून राह्यले आन् तिला सांगून राह्यले, बाई, साफ होऊन राह्यलं. सांजेला गेली ती.” एवढं बोलून तिने पदराने बाक पुसायला घेतला. बाक स्वच्छच होता.

“आमच्या सुनेला असलं न्हाई द्यायचं,” बारशात शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यांच्या सुनेला आठवा लागला होता. “रक्त अडवलं की अंगात मुरतं.”

“काही मुरत न्हाई! मीच द्यायला लावली म्हणते ना!” आत्याचा आवाज चढला. “विचार हिला. ही होती बराबर.”

सगळ्या माझ्याकडे वळल्या. आत्या मात्र पाळण्याची दोरी बघत होती. काकूंची सून, साधारण माझ्याच वयाची, पोटावर हात ठेवून एकदा सासूकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. या गावात मी आजवर एक अख्खं वाक्य बोलले नव्हते.

“हो, आत्यानंच द्यायला लावली,” मी मोठ्याने म्हणाले. “तू पण घे.”