सूर यायच्या आधी

वाद्यवृंद वाजत असला की मी समोर हातवारे करून तो चालवणाऱ्या कंडक्टरचा चेहराच बघत बसते. ही सवय आमच्या ह्यांची. शेवटी शेवटी ह्यांना काही म्हणता काही ऐकू यायचं नाही, तरी हट्टानं तिकिटं काढायचे, तीही वादकांच्या मागच्या बाकांची, कारण तिथून कंडक्टर समोर दिसतो. त्याची नजर बासरीवाल्यांकडे वळली, की हे भर सभागृहात मोठ्यानं म्हणायचे, "आता बासऱ्या!" आणि खरंच, क्षणभरानं त्या वाजायच्या. मी चिमटा काढला तर वर मलाच ऐकवायचे, "तुम्हा लोकांना मागाहून ऐकू येतं गं, मला आधी."

ते गेल्यावर काल पहिल्यांदाच मी कार्यक्रमाला गेले, लेकीबरोबर, त्याच मागच्या बाकांवर. कंडक्टरनं बासरीवाल्यांकडे पाहिलं, आणि बासऱ्या वाजायच्या आतच कानाशी ह्यांचे शब्द आले, "आता बासऱ्या!"

"आई, कुणाशी बोलतेयस?" लेक कुजबुजली.

म्हणजे, बोलले ते मीच?

सूर कानावर येण्याआधी कुणाच्या तरी नजरेत येऊन थांबलेला असतो. माणूसही जाताना असाच कुठे थांबत असेल का?

शेवटचा सूर विरला, तरी कंडक्टरचा हात वरच होता. तो खाली येईपर्यंत कुणी टाळी वाजवत नाही. माझ्या पलीकडची जागा रिकामी होती, तिच्याकडे बघायचा मला धीर होईना. हात अजून वर आहे, म्हणजे कुणीतरी यायचं बाकी आहे.