पाहुणी बंदूक

माझा मोठा भाऊ देवमन तायडे काँगोत जाऊन आला, ही गोष्ट आमच्या गावाने वर्षभर चघळली आणि मग थुंकून टाकली. गाव हिवरखेडच्या बाजूचं. नाव सांगत नाही, कारण या गोष्टीतल्या माणसांच्या मुलाबाळांशी आता माझी बोलचाल आहे. दादा लष्करात लॉरी चालवायचा. काँगोतला एक सुभा फुटून निघाला, तिथलं बंड मोडायला युनोने देशोदेशीच्या फौजा मागवल्या, आपल्या सरकारनेही पाठवली, आणि आमचा दादा निळी टोपी घालून आफ्रिकेत गेला. त्रेसष्ट साली परतला, नोकरीची मुदत संपली, आणि दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला लागला. तिकडची माणसं माणूस खातात का, असं लोक त्याला विचारायचे. भुईमूग खातात, तुमच्यासारखाच, असं तो सांगायचा. मग विचारणाऱ्यांची हौस फिटली.

मी त्याची धाकटी बहीण शालू. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी आलेली. माझ्या जिभेला हाड नाही असं शकुनवहिनी म्हणायची, आणि ते खोटं नाही.

छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तेव्हापासून गावाच्या पोटात दुखत होतं. चौसष्टच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीची विहीर आटली. आम्ही बाया गावविहिरीवर गेलो, तर वामनराव पाटलाच्या माणसांनी घागरी फोडल्या आणि वहिनीला ढकलून दिलं. त्या वेळी आमच्या तोंडात पाणी घातलं ते पार्बताबाई माळणीने. वांगी-मिरची लावणारी विधवा बाई, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मळ्यातली विहीर माझी, पाटलाची नाही, एवढं म्हणून तिने मळ्याच्या मागच्या कुंपणातून आम्हाला वाट करून दिली. तिने कुठे बोभाटा केला नाही, आम्हीही केला नाही.

पण मळ्याची विहीर ती केवढी! मिरची वाळू लागली. मग आमचा पंजाबराव, वस्तीतला पहिला मॅट्रिक, अकोल्याला खेटे घालून पोलीस घेऊन आला. बंदुका घेऊन शिपाई गावविहिरीवर उभे राहिले. आम्ही बाया मधून ताठ मानेने गेलो, पाणी शेंदलं, घरी आणलं. खरं सांगते, त्या दिवशी पाटलाची माणसं भिंतीला टेकून बघत होती आणि माझ्या छातीत ढोल वाजत होता. एकटा देवमनदादा हवालदाराजवळ गेला आणि किती दिवस राहणार म्हणून विचारत बसला. वरून हुकूम येईपर्यंत, असं हवालदार म्हणाला. दादाचं तोंड उतरलं, आणि मला त्याचा राग आला.

संध्याकाळी वस्तीतल्या निंबाखाली बैठक बसली. पंजाबरावाने ठरवलं होतं की पार्बताबाईचा चावडीसमोर सत्कार करायचा. हवालदार बाजूला उभा राहील, सगळं गाव बघेल, आणि शकुनवहिनी तिला बहीण मानून निळा खण देईल. निळा म्हणजे आमच्या झेंड्याचा. सगळ्यांना पसंत पडलं. वहिनीने तर पेटीतला नवा कोरा खण बैठकीतच आणला होता. दादा उठला आणि त्याने तो तिच्या हातातून काढून घेतला.

"हा खण द्यायचा नाई," तो म्हणाला. "असाच एक खण मी देऊन आलो हाओ."

मग जे त्याने वर्षभर सांगितलं नव्हतं ते सांगितलं. तिकडे एका पुलावर त्यांचं ठाणं होतं. बंडखोर शोधायचे होते, पण बंडखोर दिसतो कसा हे कोणाला ठाऊक? दिवसा जो वावरात खणतो तोच उद्या बंदूक धरतो. भाषा येत नाही. घरांची झडती घ्यायची, पोरंबाळं रडायची, सापडायचं काही नाही, आणि झडती झालेल्या घरातला पोरगा दुसऱ्या दिवशी जंगलात गेलेला असायचा. कोणाला हाणायचं आणि कोणाला राखायचं याचे हुकूम महिन्या-महिन्याला बदलायचे. शिपाई शूर होते, आपले काही मेलेही. पण ज्यांच्यासाठी मेले ते लोक दारं लावून घ्यायचे.

एक बाई तेवढी यायची. मारी नाव. उकडलेल्या शेंगा विकायची. दादाला तापाने घेरलं तेव्हा तिने घरून कसलीशी पेज आणून पाजली. ठाणं हलायची वेळ आली, तेव्हा बहिणीच्या घरून रिकाम्या हाताने निघू नये, हे आईने शिकवलेलं त्याला आठवलं. चोळीचा खण तिथे कुठून मिळणार? फौजेचा निळा रुमाल होता, नवा. निळा रंग, म्हणजे आपला, बाबासाहेबांचा, मंगल. त्याने तो दोन्ही हातांनी तिला दिला. तिने तिथल्या तिथे डोक्याला बांधला आणि हसली.

पुढच्या महिन्यात तो लॉरी घेऊन त्याच रस्त्याने गेला. झोपडी जळालेली होती. मारी कुठे आहे ते कोणी सांगेना. परक्या फौजेचं फडकं डोक्याला बांधून फिरणारी बाई फौज गेल्यावर कोणाच्या तावडीत सापडली असेल, हे त्याला कोणी सांगायची गरज पडली नाही.

"आपल्याकडं निळा म्हंजे बाबासाहेब," दादा म्हणाला. "तिकडं निळा म्हंजे बाहेरची फौज. हे मले कळालं पायजे होतं. फौज गेली, फडकं राह्यलं, अन् मारी राह्यली. आता पार्बताबाईले तसंच राहू द्यायचं का?"

पंजाबराव उठून उभा राहिला, आणि त्याचं चूकही नव्हतं. काँगो परका मुलूख, हा आपला देश, तो म्हणाला. इथला कायदा आपल्या बापाने लिहिला आहे. त्याच कायद्याने शिपाई आणले, भीक मागून नाहीत. यावर दादाने मान डोलावली.

"कायदा आपलाच हाय, पंजाबराव. थो सोडू नोको, कोर्टात लढ. पन बंदूक पाहुनी हाय. पाहुन्याच्या जिवावर घरच्याशी दुस्मनी घेतली तं पाहुना गेल्यावर काय करशीन?"

वहिनी त्याच्यावर भडकली. मग उद्यापासून तहानेने मरायचं का, असं तिने सगळ्यांदेखत विचारलं. पाणी भरायचंच, दादा म्हणाला, पण शिपाई चावडीत जेवायला जातात त्या वेळेलाही भरायचं. बंदूक नसताना विहिरीवर उभं राहायची सवय बंदूक असतानाच करून घ्यायची. आणि सत्काराचं पार्बताबाईला कोणी विचारलं का? तिकडे मारीच्या लोकांनाही कोणी विचारलं नव्हतं, तुम्हाला आम्ही हवे आहोत का म्हणून.

तेव्हा आम्ही विचारायला गेलो, मी, वहिनी आणि दादा. पार्बताबाई मिरचीला पाणी देत होती. सत्काराचं ऐकून तिने कपाळाला हात लावला. तुमचे शिपाई उद्या जातील, मला याच आळीत मरायचं आहे, म्हणाली. मग फावडं खाली ठेवून म्हणाली, "माह्या मळ्यात रोज कामाले या. समोरच्या दारानं या. लपूनछपून आता पुरे झालं." त्या दिवसापासून आम्ही कुंपणातून गेलो नाही. वहिनी आणि मी समोरच्या दाराने जायचो, तिच्या ओसरीवर बसून भाकर खायचो. तिच्या जातवाल्यांनी तिला लग्नाकार्यात बोलावणं बंद केलं. तिने त्यांना आपली वांगी विकणं बंद केलं. बाई गरीब होती, बापुडी नव्हती.

दुपारच्या वेळी आम्ही गावविहिरीवर जाऊ लागलो. शिव्या खाल्ल्या, शेणाचे गोळे खाल्ले, घागर भरूनच परतलो. हवालदार चिडायचा, आमच्या वेळेला या म्हणायचा. आम्ही त्याच्याही वेळेला जायचो.

आणि एका सकाळी शिपाई गेले. कुठेतरी जत्रेचा बंदोबस्त निघाला होता, वरचा हुकूम. पंजाबराव त्याच पावली अकोल्याची एसटी पकडायला निघाला, तर दादाने त्याला हात धरून अडवलं नाही. उद्या जा, आज इथे पाहिजेस, एवढंच म्हणाला. पंजाबराव परत फिरला.

उन्हं वर आली तशी आमची रांग निघाली. विहिरीवर वामनराव पाटील स्वतः खाट टाकून बसला होता, भोवती त्याची माणसं काठ्या घेऊन. त्याने दादाला नावाने नाही, काँगो म्हणून हाक मारली आणि विचारलं, "कुठी गेले तुमचे शिपाई?"

"थे जायालेच आले होते, पाटील," दादा म्हणाला. "आमी जायाले नाई आलो. आज मारसान, उद्या येऊ. उद्या मारसान, परवा येऊ. तुमी थकसान."

पहिला दगड दादाच्या कपाळाला लागला. रक्त डोळ्यात उतरलं, तो जागचा हलला नाही. दुसऱ्या दगडाने पंजाबरावाचा दात पडला. माझ्या मनात पळायचं आलं होतं, लाज कसली. मी मागे वळले, आणि मागे वाट नव्हती. रांगेत माझ्या पाठीशी पार्बताबाई उभी होती, डोक्यावर पदर, कमरेवर रिकामी घागर. तिच्या मळ्यात स्वतःची विहीर होती. या विहिरीचं एक थेंब पाणी तिला नको होतं.

काठ्या उचलणाऱ्यांत तिच्या सख्ख्या दिराचा मुलगा होता. त्याने काकूकडे पाहिलं, मग पाटलाकडे. काठी खाली आली नाही, पण पुढेही सरकली नाही.

"पुढं सरक व शालू," पार्बताबाई म्हणाली. "ऊन तापून राह्यलं."

मी पुढे सरकले. वहिनीने बादली विहिरीत सोडली.