विनायकरावांची रविवारची फवारणी

विनायकराव खरवडे रेल्वेतून निवृत्त झाले. त्यांचं टाइमटेबल झालं नाही. गार्डाची नोकरी गेली, पण चहा, पेपर, डुलकी, सगळं अजून ठरल्या वेळेला सुटायचं.

भनपुरीला त्यांचा जमिनीचा तुकडा होता. रायपूर राजधानी झालं आणि एक ट्रान्सपोर्टवाला ट्रक उभे करायला तो मागू लागला. तिथे बायकोनं, प्रमोदिनीबाईंनी, गोड भुट्टा आणि शिमला मिरची लावलेली. शेवटी तिघांत ठरलं, हे एक पीक पाहायचं. अळीशिवाय निघालं तर शेती, नाही तर ट्रक.

बाई सापळ्यात अळीचे पतंग अडकायची वाट पाहत. अडकले म्हणजे अंडी आलीच; मग कृषी विद्यापीठातून कार्डं आणून पानांखाली टाचत. कार्डांतून इवलेसे किडे निघतात आणि अळीची अंडीच संपवतात. हे नवऱ्याला सांगितलं नव्हतं. ‘किती वाजता निघतात?’ हे त्यांचं कोण ऐकून घेणार?

शेती टिकावी असं विनायकरावांनाही वाटे, पण बोलून दाखवणं त्यांच्या ड्यूटीत बसत नव्हतं. रविवारी बाई समता कॉलोनीत हळदीकुंकवाला गेल्या आणि हे औषधाचा पंप पाठीवर घेऊन पोचले. रविवार म्हणजे फवारणी. कार्डं दिसली, त्यांना वाटलं, बियाण्याच्या जातीच्या चिठ्ठ्या असतील.

संध्याकाळी बाई शेतात आल्या, औषधाचा वास घेतला.

“अळीच्या आधी तुम्ही माझे शिपाई मारले.”

“मले सांगितलं काहून नाही?”

“तुम्ही विचारलं?”

कणसाला मिशा फुटल्या होत्या; अळी त्यांतून आत शिरली की औषध पोचत नाही. म्हणून मिशा वाळताच दोघांनी ड्रॉपरनं कणसाकणसावर तेलाचा थेंब सोडला. मिरचीला असा उपाय नव्हता.

तोडणीच्या दिवशी ट्रान्सपोर्टवाला हजर. विनायकरावांनी कणसं सोलली. बरीचशी चांगली, काहींच्या शेंड्याला अळी. मिरच्या मात्र भोकांनी चाळणी झालेल्या. बोली ती बोली.

“तो साहब, ट्रक कब से?”

“मिर्चीवाली पट्टी ले लो, भैया. भुट्टा रहेगा,” विनायकराव म्हणाले.

“असं ठरलं नव्हतं. अळी निघाली तर सगळीच जमीन ट्रकला,” बाई म्हणाल्या.

“सिग्नल न पाहता गाडी म्या सोडली. भुगतीन मीच, भुट्टा नाही.”

बाईंनी किडकी कणसं गाईसाठी बाजूला काढली आणि मिरचीच्या पट्टीत शिरून आधाराच्या काठ्या उपटायला लागल्या.