पाचवी खाट

त्या मंगळवारी माझी देवीवर श्रद्धा उरली होती की नाही, मला खरंच सांगता येणार नाही. मी फार थकलो होतो. आईला जिल्ह्यातल्याच आमच्या वाशी गावाहून धाराशिवच्या एका दवाखान्यात आणलं, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून महिला वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून मी पडत होतो.

आई तुळजाभवानीची आराधीण. गळ्यात कवड्यांची माळ घातल्यापासून तिचा नेम आहे की मंगळवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायचा आणि त्यातलंच खायचं. सकाळपासून तिनं तोंडात काही घातलं नव्हतं, आणि उपाशीपोटी साखरेच्या आजाराचं इंजेक्शन देता येत नव्हतं. नर्स दोनदा रागावून गेली. आई म्हणाली, "आता तूच जा परडी घिऊन."

मी शाळेतला कारकून. परडी घेतलेल्या बाप्याला लोक काय म्हणतात ते मी ऑफिसात ऐकलं होतं, त्यात हसलोही होतो. मी बाहेरच्या दुकानातून पीठमीठ घेतलं, परडीत ओतलं आणि पाच घरं मागून आलो असं आईला सांगितलं. खानावळीतून भाकरी करून आणली की झालं, असा माझा हिशेब.

तिनं पिठात बोटं फिरवली. "समदं एकाच रंगाचं हाय रं. पाच घरचं पीठ असं नसतंय. कुणाची ज्वारी, कुणाचा गहू." आणि तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

मी बाकावर येऊन बसलो. शेजारी सुरेखाताई येऊन बसल्या, तशी मी डब्याची पिशवी पलीकडच्या बाजूला ठेवली. त्यांना जिल्ह्यात कोण ओळखत नाही? तृतीयपंथी माणसांच्या हक्कासाठी आमच्याकडं सगळ्यात आधी त्याच उभ्या राहिल्या. घरच्यांनी बाहेर काढलेली पोरं त्यांच्या दोन खोल्यांत राहत. आताही त्यांच्याकडची एक आजारी मुलगी ना पुरुषांच्या वॉर्डात घेतली जात होती, ना बायकांच्या. सकाळी तिला बायकांच्या वॉर्डात खाट मिळेपर्यंत त्या दारातून हलल्या नव्हत्या.

पिशवी सरकवलेली त्यांनी पाहिली. मग मांडीवरच्या परडीकडं बघून विचारलं, "कुणाची परडी, दादा?"

का कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं. दुकानातलं पीठसुद्धा.

"चला," त्या उठल्या. "वॉर्डात खाटा हायत की. एक खाट म्हंजी एक घर."

मी परडी त्यांच्यापुढं केली. त्यांनी हात मागं घेतला. "म्या न्हाय धरणार. तुमच्या घरची हाय, तुमीच धरा. उदो मी म्हणते."

त्यांनी "आई राजा उदो उदो" म्हटलं आणि वॉर्डभर माना वळल्या. पहिल्या खाटेवरच्या बाईनं अर्धी ज्वारीची भाकरी घातली. दुसरीनं गव्हाची पोळी. तिसऱ्या खाटेपाशी बसलेली बाई फणकारली, "हितंबी आलात व्हय मागायला?"

सुरेखाताई हसल्या. "चिमूटभर मीठ घाल बाय. मी गेल्यावर दृष्ट काढणारच हायस, त्यातलंच थोडं दे."

ती बाईही हसली, आणि तिनं मीठ घातलं. चौथीनं केळं दिलं. पाचवी खाट त्या मुलीची होती. तिच्या आजूबाजूच्या बायकांनी आपापली स्टुलं दूर सरकवली होती. मी थबकलो. सुरेखाताई माझ्याकडं बघत राहिल्या, उदो म्हणाल्या नाहीत. शेवटी मीच म्हटलं, पुटपुटल्यासारखं. त्या मुलीनं उशीजवळचा बाजरीच्या भाकरीचा तुकडा घेतला, निम्मा मोडला आणि दोन्ही हातांनी परडीत ठेवला.

आईपुढं परडी ठेवली. कुठलं काय, ते खरंखरं सांगितलं. तिनं एकदा त्या खाटेकडं पाहिलं, परडी कपाळाला लावली आणि पहिला घास बाजरीचा घेतला. मी नर्सला बोलवायला गेलो तेव्हा मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

याला कृपा म्हणायचं की नाही, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मी इतकंच जाणतो की मी पिशवी सरकवली तरी त्या माझ्या शेजारून उठल्या नाहीत. आई आता घरी आहे, चालवत नाही तिला. मंगळवारी परडी मी धरतो. पहिल्या दारात उदो अजून पुटपुटल्यासारखाच निघतो, थकवाही गेलेला नाही. पण हात पुढं केला की आपलं असं काही उरत नाही, आणि तेवढा वेळ मला हलकं वाटतं. सुरेखाताईंच्या दोन खोल्या धाराशिवात आहेत. महिन्यातून एका मंगळवारी मी तिथं जातो. माझं पाचवं घर तेच.