आठव्या दिवसाचे अकरा रुपये

सोमवार, ५ डिसेंबर १९८८. रक्कम रुपये अकरा. त्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास मी ही रक्कम एका माणसाला देऊ केली आणि त्याने ती घेतली नाही.

मी तेव्हा धुळ्याच्या एका शेतकी खरेदी-विक्री संघात लेखापाल होतो, आजही आहे. येत्या ३१ मार्चला निवृत्त होईन. त्याआधी चुडामणविषयी लिहून ठेवावे असे वाटते. चुडामण आमचा शिपाई. चाळीसगावकडचा, अंगाने किडकिडीत, चालताना पायांचा आवाज न करणारा. चेहरा कसा होता, असे कोणी मला तेव्हा विचारले असते तर सांगता आले नसते. ही गोष्ट त्याचीच आहे.

तर त्या सोमवारी एक फौजदार थेट माझ्या टेबलापाशी आला. कडक इस्त्रीची खाकी, वर वळवलेल्या मिशा, कमरेला पट्टा. त्याने हातातली छडी माझ्या कॅशबुकवर आडवी ठेवली.

"बन्सीलाल आपणच?"

"हो."

"तुमच्या नावाचं वॉरंट आहे. उठा."

माझ्या हिशेबात कधी एक पैची चूक नाही, तरी मी उठून उभा राहिलो. कपाटाच्या किल्ल्या मी आपसूक काढून पुढे ठेवल्या. आमचे मॅनेजर रतिलालभाऊ केबिनमधून बाहेर आले आणि हात जोडून उभे राहिले. टायपिस्ट प्रमिलाबाईंचे मशीन थांबले.

फौजदाराने खिशातून कागद काढून खणखणीत आवाजात वाचला, "आरोपी बन्सीलाल याने लग्न झाल्यापासून आजतागायत बायकोला एकदाही स्वतःच्या हाताने चहा करून दिलेला नाही. सबब आरोपीस मुसक्या बांधून माहेरी हजर करावे. आरोपीच्या नव्हे, बायकोच्या!"

प्रमिलाबाई खो खो हसल्या. "नाना, चेहरा बघा तुमचा! बहुरूपी आहे हो तो!"

रतिलालभाऊंनी जोडलेले हात हळूच खिशात घातले. मलाही हसू आले. मी पाकिटातून दहाची नोट आणि एक रुपया काढला.

बहुरूप्याने टाच आपटून सलाम ठोकला. "आज नाही साहेब. सोंगात घेतलेला पैसा चोरीचा. आठव्या दिवशी माझ्या तोंडानं येईन, नाव सांगेन, तेव्हा द्या."

तो गेला. मी चहासाठी हाक मारली, तेव्हा आठवले की चुडामण तापाच्या कारणाने रजेवर आहे.

त्या आठवड्यात चुडामणची रजा मला खटकत होती. तो चार वर्षे हंगामी होता आणि शनिवारच्या संचालक सभेत त्याला कायम करण्याचा विषय होता. टिपण मीच तयार केले होते. आदल्या वर्षी एक शिपाई कामाच्या वेळात पानटपरी चालवताना सापडला होता. तेव्हापासून ठराव होता : नोकरीखेरीज दुसरा धंदा करणाऱ्याला किंवा खोटी रजा घेणाऱ्याला त्याच दिवशी काढायचे. नेमक्या या आठवड्यात आजारी पडू नये एवढेही याला कळत नाही, असे मला वाटले.

गुरुवारी मी साक्रीच्या पुढे एका गावी आमच्या खत डेपोचा साठा मोजायला गेलो. गावचा बाजाराचा दिवस होता. दुपारी पोलीस चौकीतला हवालदार लोटन डेपोत आला. ओळखीचा होता, पण घामाघूम झालेला.

"नाना, चौकीम्हा चला. एक खोटा फौजदार सापडना शे. त्याना खिसाम्हा तुमना संघना कागद शेत."

वाटेत त्याने झालेला प्रकार सांगितला. नवे फौजदार साहेब बुशशर्ट घालून वांगी घ्यायला बाजारात आले होते. तेवढ्यात समोरून खाकीतला फौजदार आला. लोक त्याला वाट करून देऊ लागले आणि त्या गडबडीत एका भाजीवालीने खऱ्या साहेबाला ढकलून सांगितले, "बाजू व्हय ना भाऊ, साहेब यी ऱ्हायनात!" लोटनला सांगताना हसू आवरेना. मला हसू येईना. आमच्या संघाचा कागद, म्हणजे चौकशी, म्हणजे माझी सही.

चौकीत फौजदार साहेबांनी कागद पुढे केले. तीच विनोदी वॉरंटे होती, आमच्या रद्द झालेल्या बिल फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली.

"तुमचा माणूस आहे का हा? नीट बघून सांगा. तुमचा नोकर असेल तर त्याला बहुरूपी कसं मानायचं? नोकरी असलेल्या माणसानं पोलिसाचा डगला घातला, म्हणजे पैसे उकळायलाच. मी केस करतो. आणि बहुरूपी म्हणतो, तर या बाजारात एकही माणूस त्याचं तोंड ओळखत नाही."

मी बघितले. मिशा काढलेल्या, तोंड धुतलेले, टोपी नाही. तिशी-पस्तिशीचा माणूस मान खाली घालून भिंतीला उभा होता. शपथेवर सांगतो, मी त्याला ओळखले नाही. सोमवारचा बहुरूपी असणार, एवढाच अंदाज आला.

तेवढ्यात चहा आला. पोऱ्याने कप माझ्या उजव्या हाताला, कागदांवरच ठेवला. भिंतीपाशी उभा असलेला माणूस नकळत पुढे झाला. त्याने कप उचलला, बूड बाहीने पुसले आणि माझ्या डाव्या हाताशी, कागदांपासून वीतभर लांब ठेवला. मग आपण काय केले ते त्याच्या ध्यानात आले आणि तो परत भिंतीपाशी जाऊन उभा राहिला.

माझ्या उजव्या हातात दिवसभर पेन असते. म्हणून चार वर्षे रोज दोनदा माझा चहा डावीकडे, वीतभर लांब येतो. बूड पुसून.

मी वर पाहिले. चुडामणच होता.

चित्रकथांमधले वीर डोळ्यांवर बोटभर पट्टी बांधतात आणि रोजच्या ओळखीच्या माणसांनाही कळत नाही, हे मला नेहमी पोरकट वाटे. हिशेबात न बसणारी गोष्ट. आता मीच त्या माणसांपैकी एक निघालो. फरक इतकाच की चुडामणला पट्टीची गरज पडली नव्हती. आमच्याकडचा मळका सदरा आणि हातातला ट्रे एवढे त्याला पुरले होते. खाकी घातल्यावर त्याच्याकडे मी पहिल्यांदा मान वर करून पाहिले होते.

"बोला," साहेब म्हणाले.

शिपाई आहे म्हटले तर केस होणार आणि नोकरी जाणार. ओळखत नाही म्हटले तर तो आत जाणार. आणि खोटे लिहून सही करायची माझी छाती नव्हती. मी घोटभर चहा घेतला.

"हा बहुरूपी आहे," मी म्हणालो. "सोमवारी आमच्या ऑफिसात हेच सोंग घेऊन आला होता. मी अकरा रुपये देऊ केले. घेतले नाहीत. सोंगात घेत नाही म्हणाला. पैसे उकळणारा अकरा रुपये सोडत नसतो साहेब."

"कागद?"

"रद्दी आहे. आम्ही ती वजनावर विकतो."

"नाव काय याचं?"

"या माणसानं मला अजून नाव सांगितलेलं नाही. ते लोक आठव्या दिवशी सांगतात."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. साहेबांनी लोटनला बाजारात पिटाळले. तो अर्ध्या तासाने त्याच भाजीवालीला, भागाबाईला, घेऊन आला. तिने साहेबांना ओळखले आणि पदर तोंडाला लावला.

"मी पाच रुप्या देत व्हतू. नही लिधात हाई बाबानी," ती म्हणाली. "आन् साहेब, मी ज्याले धकलं ते तुम्हीच का वं माय!"

चौकी हसली. साहेबही शेवटी हसले. त्यांनी माझा जबाब लिहून घेतला, मी खाली नाव, हुद्दा, तारीख घातली. खाकी डगला, पट्टा, टोपी जप्त झाली. चुडामणला लोटनने आपला जुना सदरा दिला.

स्टँडवर लिंबाखाली आम्ही दोघे उभे राहिलो. तो मला साहेब म्हणत होता, पण शिपायाच्या आवाजात नाही.

"बाप श्रावणात गेला साहेब. ही पाच गावं आमच्या बहुरूप्यांच्या घराची. एक साल चुकलं की दुसरं घर येऊन बसतं. या खेपेला पहिल्यांदा एकटा निघालो. बापाचं तोंड गावं ओळखायची, माझं आठव्या दिवशी बघतील."

"सोमवारी आमच्याकडे का आलास?"

"बापाची फौजदारी मला साधते का, ते बघायचं होतं. रोज बघणाऱ्यांना कळलं नाही, तर कोणालाच..." तो थांबला. "चुकलो साहेब."

"काय चुकलास? मला काही ऐकू आलं नाही. इथं एसटीचा फार आवाज आहे."

स्टँडवर एकही गाडी उभी नव्हती.

शनिवारी सभेत चुडामणचा विषय सहावा होता. रतिलालभाऊंनी विचारले, "रजेवर आहे ना हा? खरंच ताप आहे?" मी म्हणालो, "अर्ज आलेला आहे, फाइलला लावलाय." पुढे कोणी विचारू नये म्हणून मी सातव्या विषयाचे कागद वाटायला घेतले, तेव्हा हातातली टाचणी बोटात घुसली. ठराव मंजूर झाला.

सोमवारी, १२ तारखेला, आठवा दिवस होता. मी अकरा रुपये एका कागदी पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवले आणि दाराकडे बघत बसलो. कोणी आले नाही. आमच्या दारात स्वतःच्या तोंडाने येऊन त्याला नाव सांगता येणार नव्हते, हे मला कळायला हवे होते. मंगळवारी चुडामण कामावर आला. चहा डाव्या हाताशी ठेवला.

"ताप उतरला?"

"उतरला साहेब."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिले. डाव्या भुवईत जुनी खोक आहे. ती नक्कीच चार वर्षांपूर्वीही असणार.

त्यानंतर आठ वर्षे झाली. दर डिसेंबरात त्याचा आठ दिवसांच्या रजेचा अर्ज येतो आणि मी शिफारस करतो. तो कधी वैदू होतो, कधी तलाठी, असे लोटनकडून कळते. फौजदार पुन्हा झाला नाही. मधे त्याच्या मुलीच्या लग्नात मी आहेर म्हणून ते पाकीट पुढे केले. आतले न बघता त्याने ते परत माझ्या खिशात सारले आणि म्हणाला, "हे त्याचं आहे साहेब. तो येईल तेव्हा द्या."

तो अजून आलेला नाही. माझ्याकडून त्याला रुपये अकरा देणे आहेत.