जांभळ्या पानांची साडी

भुकूमच्या सुलक्षणाच्या कपाटात चाळीसेक साड्या होत्या आणि एकही तिने निवडलेली नव्हती. सगळा आहेर. एका लग्नात आलेली साडी दुसऱ्या लग्नात द्यायची, कोणालाच नको असलेली नेसायची, अशात वयाची अठ्ठेचाळीस वर्षं झाली.

रविवारी लेकीच्या, स्नेहलच्या, बाळाचं बारसं होतं. त्या दिवशी तरी स्वतःच्या पसंतीची साडी नेसायची, हे सुलक्षणाने मनाशी पक्कं केलं. भाडेकरू अपेक्षाला घेऊन ती पौडला गेली.

"अंगानं भरलेल्यांना बारीक ठिपकेच शोभतात," दुकानदार म्हणाला.

ठिपक्यांच्या साडीत ती पोत्यासारखी दिसली. मग तिने जांभळ्या पानांची उचलली. पानं मोठी, तिरकी, मध्ये भरपूर मोकळी जागा. खांद्यावर पदर टाकून ती दाराच्या उजेडात उभी राहिली.

"काकू, उंच दिसताय," अपेक्षा म्हणाली.

घरी साडी कपाटात वरच ठेवली. फॉल उद्या लावू म्हणाली. दुसऱ्या दिवशी जांब्याला नात्यातल्या निरंजनचं लग्न होतं. ती बाळंतिणीजवळ थांबली, सासूबाई फुलाबाई एकट्याच गेल्या. संध्याकाळी कपाट उघडलं, तर साडी गायब.

"आहेराला दिली की," फुलाबाई म्हणाल्या. "वरच व्हती, कोरी. मला काय ठावं तू इकत आणलीया? तू कवा इकत आणतीस?"

रविवारी सुलक्षणाने हिरवी, बारीक ठिपक्यांची आहेराची साडी नेसली, हसू ओठांना चिकटवलं आणि पाळण्याला फुलं बांधली.

जांब्याहून निरंजनची आई रंभाबाई आली. तिने सुलक्षणाची ओटी भरली आणि पिशवीतून साडी काढली. जांभळी. तिरकी पानं. काठाला लग्नातलं कुंकू लागलेलं.

"लई हिंडून आणलीया तुझ्यासाठी," रंभाबाई म्हणाली.

फुलाबाई छताकडे बघू लागल्या. अपेक्षाने तोंडात पदर कोंबला.

"आलेच," म्हणत सुलक्षणा आत पळाली. फॉल नव्हता, म्हणून चार पिना जास्त लावल्या. बाहेर आली तेव्हा स्नेहल बाळाला म्हणाली, "बघ गं, तुझी आजी किती देखणी."

रंभाबाईचा जीव सुपाएवढा झाला. "आहेराची साडी त्याच दिवशी नेसणारी बाई पयल्यांदा बघतीया मी. माझी पसंतीच तशी हाय."

"व्हय," फुलाबाई म्हणाल्या, "पसंती भारीच हाय."

सुलक्षणाने पदर खांद्यावर नीट पसरला, सगळी पानं दिसतील असा, आणि पाळण्याची दोरी हातात घेतली.